पांढऱ्या ल्युपिनची पैदास: प्रकल्प नोंदी

९ फेब्रुवारी २०२४

यंदाच्या हंगामाची आखणी आज पक्की झाली. ल्युपिन या प्रथिनयुक्त दाण्यांच्या शेंगवर्गीय वनस्पतीच्या पिकाऊ जाती चार आहेत: पांढरे, अरुंद पानांचे म्हणजेच निळे, पिवळे आणि अँडीज पर्वतातील तारवी. तारवीच्या बियांत प्रथिने ४० टक्क्यांच्या वर असतात आणि तेलही भरपूर असते, परंतु थंड प्रदेशातील आखूड उन्हाळ्यात ते वेळेवर पक्व होत नाही. पिवळ्या ल्युपिनची प्रथिने उत्तम असली तरी उत्पादन बेताचे असते. निळे लवकर तयार होते आणि हलक्या, आम्लधर्मी जमिनीतही तग धरते, मात्र त्याच्या बियांतील प्रथिने साधारण ३० ते ३५ टक्क्यांपर्यंतच जातात. पांढऱ्या ल्युपिनमध्ये ३५ ते ४० टक्के प्रथिने, सुमारे १० टक्के तेल आणि चांगली उत्पादनक्षमता या तिन्ही गोष्टी एकत्र येतात, म्हणून प्रकल्प याच जातीपुरता मर्यादित ठेवला आहे. सोयाबीनच्या कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन या प्रथिने पचवणाऱ्या एन्झाइमला रोखणारी द्रव्ये असल्यामुळे तो खाऊ घालण्यापूर्वी तापवून घ्यावा लागतो. ल्युपिनमध्ये ही द्रव्ये अत्यल्प असल्याने शेतकरी स्वतःच्या शेतातील दाणे केवळ भरडून जनावरांना देऊ शकतो, आणि या पिकाची खरी किंमत मला त्यातच दिसते.

निवडीचा क्रम कोणता असावा यावर आज बराच वाद झाला. पशुखाद्याच्या बाजूने विचार करणाऱ्यांना प्रथिनांची टक्केवारी सर्वांत वर हवी आहे. माझे मत वेगळे आहे आणि ते येथे नोंदवून ठेवतो. हेक्टरी ३ टन उत्पादन आणि ३६ टक्के प्रथिने असलेल्या वाणापासून १०८० किलो प्रथिने मिळतात, तर ३.४ टन आणि ३३ टक्के असलेल्या वाणापासून ११२२ किलो. शिवाय पहिल्या वाणाचे पीक दर काही वर्षांनी करप्याने आडवे होणार असेल, तर त्याच्या टक्केवारीचा हिशेब करण्यात अर्थ उरत नाही. शेवटी ठरलेला क्रम असा: गोडवा (म्हणजे बियांत कडू द्रव्ये अत्यल्प असणे) ही अट, करप्याचा प्रतिकार हे मुख्य काम, त्यानंतर वेळेवर पक्वता, आणि या तिन्हींतून पार पडलेल्या कुटुंबांमध्येच (एकेका झाडाच्या संततीच्या गटांमध्येच) प्रथिनांची तुलना.

२१ फेब्रुवारी

नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्यांसाठी गोडव्याची पार्श्वभूमी येथे लिहून ठेवतो. रानटी आणि जुन्या देशी ल्युपिनच्या बियांत ल्युपॅनिनसारखी क्विनोलिझिडीन गटातील अल्कलॉइडे असतात. त्यांचे प्रमाण सहज १ टक्क्याच्या वर जाते, बी अतिशय कडू लागते आणि अधिक मात्रेत विषारीही ठरते. ऑस्ट्रेलियासह काही देशांनी खाद्य ल्युपिनसाठी किलोमागे २०० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०२ टक्के, ही मर्यादा ठरवली आहे. जर्मनीत एर्विन बाउर यांच्या संस्थेत राइनहोल्ड फॉन झेंगबुश यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस, झपाट्याने करता येईल अशी रासायनिक चाचणी वापरून प्रचंड संख्येने झाडे तपासली आणि त्यांतून कमी अल्कलॉइडची मोजकी झाडे वेगळी काढली. आजची गोड ल्युपिने ही त्याच मार्गाने पुढे आलेली आहेत. पुढे पश्चिम ऑस्ट्रेलियात जॉन ग्लॅडस्टोन्स यांनी निळ्या ल्युपिनमध्ये गोडवा, न फुटणारी शेंग, पाणी शोषणारे मऊ कवच आणि लवकर फुलोरा हे गुण एकेक करून जोडत नेले. रानटी अवस्थेपासून पिकाऊ अवस्थेपर्यंतचा इतका मोठा प्रवास एखाद्या पैदासकाराच्या हयातीत घडल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

पांढऱ्या ल्युपिनमधील बहुतेक गोड वाण 'पॉपर' या एका अप्रभावी (दोन्ही प्रती असतील तरच परिणाम दाखवणाऱ्या) जनुकावर उभे आहेत. हे जनुक अल्कलॉइड तयार करणाऱ्या साखळीतील एका ॲसिटिलट्रान्सफरेज एन्झाइमचे असल्याचे २०२३ मध्ये दाखवले गेले. जनुकाची ओळख पटल्यामुळे रोपाच्या पानाचा तुकडा घेऊन मार्करच्या, म्हणजे डीएनएतील ओळखखुणेच्या, साहाय्याने तपासणी करता येते आणि दोन्ही प्रती गोड आहेत की एक कडू प्रत लपलेली आहे, हेही कळते. चव किंवा रासायनिक चाचणी यांतून हा दुसरा भेद सहसा उलगडत नाही.

१४ मार्च

बियाण्याची तपासणी पूर्ण झाली. करप्याची बुरशी, म्हणजे कोलेटोट्रिकम ल्युपिनी, प्रामुख्याने बियांतून येते, आणि हजारात एखादे बी बाधित असले तरी पावसाळी हंगामात सारे शेत धोक्यात येऊ शकते. यासाठी उत्पादन-चाचणीचे बियाणे जुन्या साठ्यातूनच घेतले आहे, कारण कोरड्या जागी दोनेक वर्षे राहिलेल्या बियांत या बुरशीचा जोर बराच ओसरतो. उगवणशक्ती थोडी घटते, पण त्याची भरपाई बियाण्याचे प्रमाण वाढवून करता येईल.

यंदा साहित्याच्या दोन तुकड्या आहेत. पहिल्या तुकडीत आधीच्या संकरांतून आलेली, गोडवा स्थिर झालेली कुटुंबे आहेत. दुसऱ्या तुकडीत गोड वाणाशी एकदा उलट-संकर केलेली, म्हणजे संकरित झाडाचा पुन्हा गोड वाणाशी संकर करून मिळवलेली, नवी रोपे आहेत. दोन्हींचा प्रतिकारदाता इथिओपियातील देशी वाणाचा आहे. इथिओपियाच्या काही देशी पांढऱ्या ल्युपिनांत करप्याचा चांगला प्रतिकार आढळतो, परंतु ती कडू आहेत. म्हणजे प्रतिकार आणायचा तर त्याच्यासोबत कडवटपणाही आत येतो आणि तो दर पिढीत वेचून बाहेर काढावा लागतो.

२ एप्रिल

पेरणी झाली. जमिनीचा सामू ६.२ आहे आणि मोकळा चुना नाही. पांढऱ्या ल्युपिनला चुनखडीची जमीन मानवत नाही, कारण तेथे लोह मिळेनासे होऊन पाने पिवळी पडतात आणि वाढ खुंटते. या प्लॉटमध्ये पूर्वी ल्युपिन घेतलेले नसल्यामुळे बियांना ब्रॅडीरायझोबियम जिवाणूंचे संवर्धक चोळले. वाटाणा किंवा क्लोव्हरचे संवर्धक येथे चालत नाही, कारण ल्युपिनच्या गाठींसाठी लागणारे जिवाणू वेगळे असतात.

६ मे

दुसऱ्या तुकडीची गोडव्याची चाचणी दोन दिवस चालली. पद्धत जुनीच आहे: अल्कलॉइड ओळखणाऱ्या ड्रॅगनडॉर्फच्या द्रावणात बुडवून वाळवलेला फिकट पिवळा कागद घ्यायचा, रोपाच्या खालच्या पानाचा देठ ब्लेडने कापायचा आणि रसाचे टोक कागदावर दाबायचे. कडू रोपाच्या रसाने क्षणात विटकरी-नारिंगी डाग उमटतो. गोड रोपाचा डाग मात्र नुसता ओला दिसतो आणि वाळल्यावर जवळपास पुसून जातो. ब्लेड दर रोपागणिक स्पिरिटने पुसणे अत्यावश्यक आहे, अन्यथा कडू रोपाचा रस पुढच्या गोड रोपालाही खोटा डाग देतो. उलट-संकराच्या पिढीत निम्मी रोपे गोड अपेक्षित होती आणि प्रमाण जवळपास तसेच आले. डाग अस्पष्ट आलेल्या रोपांचे नमुने मार्करसाठी पाठवले आहेत.

ही चाचणी बियांवर का करत नाही, असा प्रश्न आज विचारला गेला. अल्कलॉइडे मुख्यतः हिरव्या पानाखोडांत तयार होतात आणि अन्नरसासोबत बियांत वाहून नेली जातात. त्यामुळे बी कडू आहे की नाही, यावरून मुख्यतः ते ज्या झाडावर वाढले त्या झाडाची माहिती मिळते, आतल्या गर्भाची नव्हे. कडू आईझाडावरील बियांतूनही गोड रोप उगवू शकते. बी चाखून किंवा दळून निवड करणारा पैदासकार म्हणून एक पिढी मागेच राहतो.

याच दिवशी बाजूच्या ओळीतील एक लहानसा संकर पाहिला. त्याचे दोन्ही पालक गोड आहेत, तरी पहिल्या पिढीची सारी रोपे कडू निघाली. अपेक्षा तीच होती: एकाचा गोडवा पॉपरमुळे आहे, तर दुसऱ्याचा निराळ्या जनुकामुळे, आणि संकरात दोघे एकमेकांची उणीव भरून काढतात. पुढच्या पिढीत ९ कडू आणि ७ गोड असे प्रमाण पडेल. बाहेरून गोड म्हणून मागवलेले कोणतेही वाण संकरात घेण्यापूर्वी त्याचा गोडवा कोणत्या जनुकाचा आहे, हे विचारलेच पाहिजे.

२८ मे

तणांचा त्रास सुरू झाला. ल्युपिनची पाने सुरुवातीला सावकाश पसरतात, ओळींमधील जमीन बराच काळ उघडी राहते आणि रुंद पानांच्या तणांवर उभ्या पिकात फवारण्याजोगी तणनाशके फार थोडी आहेत. ओळींत कोळपणी केली. सुरुवातीची जोमदार वाढ हाही निवडीचा निकष असावा, असे माझे मत दर वर्षी अधिक पक्के होत आहे.

कुंपणाजवळच्या गोड ओळींचे शेंडे सशांनी खाल्ले, तर शेजारची कडू तुलनेची ओळ जशीच्या तशी उभी आहे. मावाही गोड झाडांवर अधिक दिसतो. अल्कलॉइड हे झाडाचे संरक्षण आहे आणि आपण ते काढून घेतले आहे, याची ही रोखठोक पावती. यातून एक व्यावहारिक धोकाही संभवतो: गोड वाणात चुकून शिरलेली मोजकी कडू झाडे किडी आणि प्राण्यांपासून वाचतात, अधिक बी देतात आणि काही पिढ्यांत वाण बिघडवतात.

गाठी पाहण्यासाठी काही झाडे उपटली. गाठी कापल्यावर आतून गुलाबी आहेत, म्हणजे नत्र स्थिर होत आहे. बाजूच्या मुळांवर झुपकेदार मुळेही दिसू लागली आहेत: बाटल्या घासण्याच्या ब्रशासारखी, आखूड उपमुळांनी गच्च भरलेली. ही मुळे सायट्रिक आम्ल सोडून जमिनीत बांधलेला स्फुरद मोकळा करतात. बहुतेक पिके या कामासाठी मुळांवरील बुरशीची मदत घेतात, पांढऱ्या ल्युपिनने मात्र ती वाट सोडलेली आहे.

१९ जून

संकराचे काम सुरू आहे. ल्युपिनच्या पतंगरूप फुलात खालच्या दोन पाकळ्या जुळून त्यांची टोकदार पिशवी होते आणि तिच्यात दहा पुंकेसर व कुक्षी बंदिस्त असतात. दहांपैकी पाच परागकोष मोठे आणि पाच लहान असतात, आणि परागकोष फूल उमलण्यापूर्वी कळीतच फुटतात. म्हणून पाकळ्यांचे टोक निदलपुंजातून जेमतेम बाहेर आलेले आणि अजून हिरवटसर असलेलेच कळे घ्यावे लागतात. चिमट्याने पाकळी बाजूला सारून दहाही परागकोष काढायचे, भिंगातून कुक्षीवर पिवळी भुकटी नाही याची खात्री करायची आणि दात्या फुलाची पिशवी खालून हलके दाबायची, म्हणजे टोकाच्या छिद्रातून परागाची बारीक वात बाहेर येते. ती कुक्षीला लावून देठाला रंगीत धागा बांधायचा. मुख्य दांड्यावरील खालचीच फुले वापरतो. वरची फुले मोठ्या संख्येने गळतात आणि त्यांच्यावर केलेले श्रम वाया जातात.

आजूबाजूला भुंग्यांची वर्दळ आहे. पांढरे ल्युपिन बहुतांशी स्वपरागित असले तरी सुमारे १० टक्क्यांपर्यंत परपरागण होऊ शकते, आणि गोड-कडू एकत्र असलेल्या शेतात ते दुर्लक्षिता येत नाही. ज्या झाडांचे बी पुढे न्यायचे आहे त्यांच्यावर जाळी घातली आहे.

११ जुलै

आठवडाभर पाऊस लागून राहिला आणि करपा-चाचणीच्या वेगळ्या शेतात रोग उठला. तेथे चाचणीच्या ओळींमध्ये बाधित बियांच्या प्रसारक ओळी मुद्दाम पेरलेल्या आहेत. लक्षण ओळखायला सोपे आहे: शेंड्याजवळचा दांडा एका बाजूला पिळून वाकतो, वाकलेल्या भागाच्या आतल्या बगलेत लांबट खोलगट चट्टा असतो आणि दमट सकाळी त्यात सामनमाशाच्या मांसाच्या रंगाचे चिकट बीजाणू दिसतात. पावसाच्या थेंबांनी ते शेजारच्या झाडांवर उडतात. शेंगांवर तसेच गोल चट्टे पडतात आणि तेथूनच बुरशी बियांत शिरते.

१९९६ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात याच रोगाने पांढऱ्या ल्युपिनची व्यापारी लागवड जवळजवळ बंद पाडली, आणि जर्मनीत १९९० च्या दशकात पांढरे व पिवळे ल्युपिन मागे पडून निळे पुढे आले तेही प्रामुख्याने यामुळेच. निळ्यामध्ये एकाच प्रभावी जनुकाने चांगला प्रतिकार मिळतो. पांढऱ्यामध्ये तो अनेक जनुकांत विखुरलेला आहे, प्रत्येकाचा वाटा लहान आहे आणि एकट्या झाडावरून निर्णय घेता येत नाही. म्हणून कुटुंबाच्या पुनरावृत्त ओळींवर गुण द्यावे लागतात, आणि काम संथ होते ते येथेच.

१५ जुलै

गुणांकन पुन्हा केले. इथिओपियाच्या पालकाकडून आलेल्या काही कुटुंबांत दांडे सरळ आहेत आणि चट्टे लहान, कोरडे आहेत. मात्र यांतील बरीच कुटुंबे उशिरा फुलणारीही आहेत, ही बाब मला खटकते. रोगाचा मोठा हल्ला झाला तेव्हा त्यांचे कोवळे शेंडे वेगळ्या अवस्थेत होते, त्यामुळे हा प्रतिकार आहे की निव्वळ वेळेची चुकवणूक, हे या शेतावरून सांगता येणार नाही. निवड करण्यापूर्वी ही कुटुंबे हरितगृहात एकाच वयाची असताना दांड्यावर बीजाणू टोचून तपासायची आहेत.

२३ ऑगस्ट

मुख्य दांड्यावरील शेंगा तपकिरी झाल्या आहेत, परंतु बाजूच्या फांद्यांना अजून हिरव्या शेंगा आहेत आणि काही झाडे अद्याप फुलत आहेत. पांढऱ्या ल्युपिनची वाढ मोकळी असते: दांड्याखालून फांद्या, त्यांच्याखालून पुन्हा फांद्या, आणि जमिनीत ओल असेपर्यंत हे थांबत नाही. दमट, थंड उन्हाळ्यात यामुळे कापणी शरद ऋतूत ढकलली जाते. फ्रान्समधील लुझिन्याँ येथे बुटकी, मर्यादित फांद्यांची, शरद ऋतूत पेरायची ल्युपिने विकसित करण्यात आली ती याच अडचणीवर उपाय म्हणून. मर्यादित फांद्यांचे दोन संकर आमच्याकडेही आहेत आणि ते एकसारखे पिकत आले आहेत. त्यांची दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे: जूनमध्ये कोरड पडली, तर मुख्य दांड्यावरील गळलेल्या फुलांची भरपाई करायला फांद्याच उरत नाहीत. अत्यंत मर्यादित वाढीपेक्षा फांद्यांचा एकच थर देणारा प्रकार मला अधिक भरवशाचा वाटतो.

१७ सप्टेंबर

कापणी आणि मळणी आटोपली. दाणे मोठे, चपटे आणि कोनाकार असल्याने ड्रमचा वेग कमी ठेवावा लागला, नाहीतर डाळी पडतात आणि बियाणे म्हणून निकामी होतात. बियाणे १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवले. करप्याच्या शेतातील बी वेगळ्या खोलीत ठेवले असून ते उत्पादन-चाचणीच्या बियाण्याजवळही येऊ द्यायचे नाही.

२५ नोव्हेंबर

प्रयोगशाळेचे निकाल आणि हरितगृहातील चाचणी एकाच आठवड्यात हाती आले. टोचणी-चाचणीने जुलैमधील शंका बरीच मिटवली: उशिरा फुलणाऱ्या कुटुंबांपैकी काहींचे दांडे एकाच वयात टोचल्यावरही तग धरून राहिले, तर काही सरळ वाकले. शेतात या दोन्ही गटांना जवळपास सारखेच गुण मिळाले होते. दुसऱ्या गटाला केवळ उशीर वाचवत होता, म्हणून तो बाद केला आहे. मध्यम कालावधीत फुलणाऱ्या आणि टोचणीतही टिकलेल्या कुटुंबांना आता पहिले प्राधान्य आहे. संख्येने ती थोडी आहेत, पण प्रतिकार आणि पक्वता एकमेकांपासून सोडवता येतात, एवढे त्यांच्यावरून दिसते.

अल्कलॉइडच्या आकड्यांत एक गोष्ट लक्ष वेधून घेते. पॉपरच्या दोन्ही प्रती असलेली सर्वच कुटुंबे ०.०२ टक्क्यांच्या आत नाहीत. काही कुटुंबे मर्यादेच्या अगदी लगत आहेत आणि कमी-अधिक ओलाव्याच्या दोन प्लॉटमध्ये त्यांचे आकडे एकसारखे नाहीत. मुख्य जनुक दार बंद करते, पण फट किती राहील हे इतर लहान जनुके आणि हवामान मिळून ठरवतात. उष्णता, कोरड आणि निळ्या ल्युपिनमध्ये पालाशाची कमतरता यांनी अल्कलॉइड वाढते हे ज्ञात आहे. त्यामुळे मार्कर गोड म्हणत असला तरी तेवढ्यावर कोणतेही कुटुंब पुढे न्यायचे नाही, निरनिराळ्या जमिनींतील बियांचे प्रत्यक्ष मोजमाप लागेल.

प्रथिनांत अपेक्षित तोच उलटा संबंध दिसला: जास्त उत्पादनाच्या कुटुंबांत टक्केवारी किंचित खाली आहे. यावर आज वाद झाला नाही. गंधकयुक्त अमिनो आम्लांची, विशेषतः मिथिओनिनची, उणीव सर्वच कुटुंबांत आहे आणि ती आमच्या साहित्यातील निवडीने भरून निघेल असे मला वाटत नाही. खाद्यात तृणधान्याची जोड देणे हाच तूर्त व्यवहार्य मार्ग आहे. मानवी आहारासाठी बियाणे मागणाऱ्यांना आणखी एक सूचना द्यावी लागते: शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या काही व्यक्तींना ल्युपिनचीही बाधा होते आणि युरोपीय संघाने २००६ मध्ये ल्युपिनला सक्तीने नमूद करायच्या ॲलर्जनांच्या यादीत घेतले. पैदाशीतून हा प्रश्न सुटण्यासारखा नाही.

१६ जानेवारी २०२५

पुढील हंगामाचे निर्णय झाले. पहिल्या तुकडीतील टोचणीत टिकलेली, मध्यम कालावधीची कुटुंबे तीन वेगवेगळ्या जमिनींवर उत्पादन-चाचणीत जातील आणि त्यांपैकी एक जमीन मुद्दाम सामू ७ च्या आसपासची घेतली आहे. मर्यादेच्या लगत अल्कलॉइड असलेली कुटुंबे, त्यांचा प्रतिकार कितीही चांगला असला तरी, वाण म्हणून पुढे जाणार नाहीत. ती केवळ पालक म्हणून, सर्वांत कमी अल्कलॉइडच्या ओळींशी संकर करण्यासाठी वापरली जातील. दुसऱ्या तुकडीतील जाळीखालच्या गोड रोपांचे बी हरितगृहात पेरून एक पिढी मार्चअखेर उरकायची आहे, म्हणजे एप्रिलमध्ये कुटुंबे करप्याच्या शेतात उतरवता येतील. मर्यादित फांद्यांच्या संकरांबाबत मतभेद कायम आहेत, म्हणून त्यांची चाचणी लहान प्लॉटवर आणखी एक वर्ष चालेल. सर्व बियाण्याचे करपा-तपासणीचे नमुने सोमवारी प्रयोगशाळेकडे जातील. अहवाल येईपर्यंत पेरणीची पाकिटे भरायची नाहीत.